खिशातली माती

मिस्त्रीने केलेली दारं अर्ध्या गावात उघडत-मिटत होती आणि तो स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होता. त्या खोल्यांचं दार पावसाळ्यात फुगून अडायचं. रंधा हाताशी असून त्याने ते कधी तासलं नाही. लोकाच्या दारासाठी आपला घाम कशाला?

जागा मात्र तो बरीच वर्षं बघत होता, आणि बघण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. वाट कुणाच्या मालकीची, पाण्याचा उतार कुठे, शेजारच्या भिंतींना तडे आहेत का, भर उन्हाळ्यात विहिरीचं पाणी कुठवर जातं, सगळं विचारायचा. शेवटी खड्डा. हातभर खणायचा आणि निघालेली माती परत त्यातच लोटून पायाने चेपायची. माती वर उरली तर जमीन घट्ट, घर पेलेल. खड्डाच पुरता भरला नाही तर जमीन पोकळ, नाहीतर कुणीतरी टाकलेला भराव. अशा कितीतरी खड्ड्यांची माती बायकोने ओंजळीने गोळा केली होती. पण माती उरली तिथे वाट अरुंद निघाली आणि वाट रुंद तिथे डोक्यावरून विजेच्या तारा. लाकडाच्या वखारीत त्याला खोडमिस्त्री म्हणत. एक दिवस बायकोने बरोबर जाणं सोडलं.

"तुम्हाला जागा नकोच आहे," ती म्हणाली. "तुम्हाला नुसती खोड हवी असते."

आणि आता जागा साडूला चालून आली होती. साडू बेकरीवाला, वयाने लहान, चालताना शीळ घालणारा. त्याने शोधलीसुद्धा नव्हती. पाव न्यायला येणाऱ्या म्हातारीने सहज विचारलं, घेतोस का, आणि हा पठ्ठ्या घ्यायला निघाला.

"दादा, तुम्ही एकदा नजर टाका," साडू म्हणाला. "संध्याकाळी म्हातारीला शब्द द्यायचाय. तुमचा हो तो माझा हो. मला काय, पीठ कळतं."

मिस्त्री गव्हातला खडा शोधावा तसा त्या जागेतून फिरला. वाट रुंद, सगळ्यांची. उतार रस्त्याकडे. शेजारच्या घराची भिंत हाताने चाचपली. केसाएवढी चीर नाही. शेजारीण म्हणाली, विहीर कधी आटत नाही. प्रत्येक चांगल्या गोष्टीबरोबर त्याच्या छातीत एकेक खिळा आत जात होता. हीच ती जागा. तो इतकी वर्षं जिची वाट बघत होता ती ही, आणि ती शीळ घालणाऱ्याच्या ओंजळीत आयती पडली होती.

साडू विहिरीवर पाणी प्यायला गेला. मिस्त्रीने खड्डा बुजवून चेपला. माती उरली. नुसती उरली नाही, वर चांगला उंचवटा आला.

त्याने विहिरीकडे पाहिलं. मग खाली बसून दोन्ही हातांनी माती उपसली आणि पँटच्या खिशांत कोंबली.

साडू तोंड पुसत आला, तेव्हा खड्डा दोन बोटं रिता होता.

"म्हणजे पोकळ?"

"बघतोयस ना."

साडूचा चेहरा न फुगलेल्या पावासारखा बसला. पण तो म्हणाला, "बरं झालं तुम्हाला आणलं, दादा. माझं वाटोळंच झालं असतं."

दुपारी बायकोने धुण्यासाठी पँट घेतली. खिसा उलटा करताच माती फरशीवर पडली. तिने चिमूट उचलून बोटांत चोळली, मग त्याच्याकडे पाहिलं.

"उरली होती, होय ना?"

त्याने फरशीवरची माती पायाने बाजूला सारली.

"माझी बहीण सकाळपासून भिंतींचे रंग ठरवतेय," ती म्हणाली. तिने माती सुपात भरली, कागदात पुडी बांधली आणि त्याच्या हातात ठेवली. "मी सांगितलं तर तुम्ही त्यांच्या मनातून कायमचे उतराल. तुम्हीच सांगा."

बेकरीत भट्टीची धग होती. मिस्त्रीने पुडी गल्ल्यावर ठेवली.

"ही त्या खड्ड्यातली. मी काढून घेतली होती. घे ती जागा."

साडूने पुडी उघडली, मिटली. भट्टीतला पाव जळल्याचा वास येईपर्यंत तो हलला नाही. मग मदतनिसाला ओरडून त्याने भट्टीचं दार उघडायला लावलं.

"का, दादा?"

"तुला कळेल असं नाही ते."

"कळतंय," साडू म्हणाला. शीळ नव्हती. "दारं मात्र तुम्हीच करायची. आणि अडली तर मी ताईला सांगेन."

मिस्त्रीने मान हलवली. कोणत्या लाकडाची, हेही विचारलं. परतताना डावा हात सवयीने खिशात गेला. ही दुसरी पँट होती, धुतलेली. तरी त्याची बोटं शिवणीपर्यंत जाऊन चाचपत राहिली.