समुद्र नसलेल्या गावाचे नकाशे

घरांचे नकाशे काढून ते पास करून घ्यायचे, हा आमचा अकोल्यातला धंदा. यात नकाशे पास होतात कमी आणि किस्से साचतात जास्त. त्यातही आमच्या गावी नकाशे पास करायला कोकणातून बदली होऊन एक साहेब आले आणि किश्श्यांचा नुसता पूर आला.

साहेबांच्या टेबलावर पहिलाच नकाशा गेला तो सुमनबाईंचा. मूर्तिजापूरकडची ही बाई. नदीकाठच्या प्लॉटवर दोनच खोल्या हव्या होत्या, पण पावसाळ्याआधी डोक्यावर छप्पर पाहिजे होतं. कापूस परवडेनासा झालेली ती वर्षं, असे स्वस्त प्लॉट हातोहात खपत. साहेबांनी शेरा मारला, 'समुद्राच्या भरतीरेषेपासूनचे अंतर दाखवा.'

तिचं काम करणारे कंत्राटदार सलीमभाई शेरा वाचून मला म्हणाले, "मीटरमदे लिहू का गाडीच्या टायमात?"

साहेबांना सांगितलं तर तेच हसले. नोकरी सगळी किनाऱ्यावर झालेली, हाताला सवय लागलेली. शेरा त्यांनी स्वतःच खोडला आणि जागा पाहायला निघाले.

* * *

एप्रिलचं ऊन. साहेब बरंच चालले, रुमालाने मान पुसली आणि विचारलं, "नदी अजून किती लांब आहे हो?"

"सायेब," सलीमभाई म्हणाले, "तुमी नदीतच उभे आहा."

पलीकडे दोन म्हशी कोरड्या पात्रात चरत होत्या.

* * *

मग चहाच्या टपरीवर साहेबांनी आम्हाला फरक समजावला. समुद्राकाठी भरतीच्या रेषेपासून अंतर मोजायचं. तिथल्या जुन्या कोळ्यांच्या घरांना थोडी सवलतही असते. इथे समुद्र नाही, म्हणून पुराच्या दोन रेषा: पंचवीस वर्षांतल्या पुराची निळी, शंभर वर्षांतल्या मोठ्या पुराची लाल. निळीच्या आत घर बांधायचंच नाही. निळी आणि लाल यांच्यामध्ये अटी पाळून, जोतं उंच घेऊन बांधता येतं.

सलीमभाईंनी बशी खाली ठेवली. "म्हंजे रोज येनारं पानी चालते. कधीमधी येनारं नाही चालत."

साहेबांनी चहाचे पैसे दिले.

* * *

त्यांच्याकडे काही दिवस अमरावतीचाही कारभार होता. तिथल्या एका बिल्डरने इमारतीचं नाव ठेवलं होतं 'सागर दर्शन'. साहेबांनी नकाशा उलटा केला, सुलटा केला. शेवटी शांतपणे विचारलं, "कितव्या मजल्यावरून?"

नकाशा मात्र पास केला. नावाला नियम नाही म्हणाले.

* * *

मे संपत आला तेव्हा सुमनबाईंच्या भागातल्या पूररेषा नक्की होऊन आल्या. तिचा प्लॉट सगळाच्या सगळा निळ्या रेषेच्या आत. कोपरासुद्धा बाहेर नाही. साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि हळू आवाजात सांगितलं की इथे घर होणार नाही.

ती रडली नाही. म्हणाली, "मंग त्या जागेत करता तरी काय येते, सायेब?"

साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. काहीतरी द्यावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. एका ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "शेती करता येईल, बाई. शेतीला परवानगी आहे."

सुमनबाई त्या बोटाकडे बघत राहिली.

"वावर इकूनच तं हा पलाट घेतला, सायेब."