सहीचे बूट

नव्या रबराचा वास आला की अजून मला ते बूट आठवतात. आमच्या बास्केटबॉल संघातल्या मैत्रिणीला मामानं परदेशातून बूट आणले होते. नाडीखालच्या जिभेवर एका मोठ्या खेळाडूची सही, तळव्याला माशाच्या काट्यासारखी नक्षी. यंत्रमागावर चादरी विणणाऱ्या तिच्या वडिलांनी वरचं कापड चिमटीत धरलं नि म्हणाले, "शिवण कुटंच न्हाय, अख्खं विणलंय की!" जिल्हा संघाच्या निवड चाचणीला सोलापुरातल्या मैदानाच्या गुळगुळीत सिमेंटवर माझे झिजलेले बूट सारखे घसरू लागले. मी रडकुंडीला आले, तेव्हा तिनं स्वतःचे काढून दिले. "घाल गं, मी खेळते तुझ्यात." ते घसरतात हे मला ठाऊक होतं, तरी मी नको म्हटलं नाही. थोड्याच वेळात ती उडी मारून खाली आली आणि पाय सरकला. गुडघा मोडल्याचा आवाज मला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. माझी निवड झाली. ती पुन्हा कधी खेळली नाही. दवाखान्यात बूट परत द्यायला गेले, तर म्हणाली, "तूच ठेव, तुला बसत्यात." आजही भेटली की ती हसून बोलते. जिना आला की मात्र कठडा धरून एकेक पायरी चढते, आणि मी मागं थांबते. तिच्या पुढं जायला माझा पाय उचलत नाही.