वर्धा स्टँडवरची बेवारस पिशवी

साताऱ्याहून निघताना आमच्या जाऊबाईंनी फोन करून सांगितलं, दूर कुठल्याशा शहरात स्फोट झालाय, सगळीकडे अलर्ट आहे, तर पवनारचा बेत पुढं ढकला. मी म्हटलं, धाम नदीकाठच्या आश्रमात दोन घटका बसायचं म्हणून दोन वर्षं घोकतेय, तो बेत आता टीव्हीवाल्यांना विचारून ठरवू होय! आणि निघाले.

वर्ध्याला उतरले तर स्टेशनच्या दारात तपासणीची कमान उभी. माणूस खालून गेला की ती किंचाळायची. पोरं गेली, भाजीवाली गेली, मी गेले, सगळ्यांवर सारखीच किंचाळली. शेजारच्या खुर्चीवरचा गडी मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. याला बंदोबस्त म्हणतात. बाहेर येऊन तर्री-पोहे (पोह्यांवर झणझणीत रस्सा) खाल्ले. नाका-डोळ्यांतून पाणी आलं आणि जरा बरं वाटलं.

एस.टी. स्टँडवर पवनारकडच्या गाडीची वाट बघत बसले. भोंग्यावरून एक बाई दर पाच मिनिटांनी सांगत होती की बेवारस वस्तूला हात लावू नका. समोर अल्लीपूरहून आलेली गाडी लागली. कंडक्टरनं एक थैला (कापडी पिशवी) उतरवून खांबाशी ठेवला आणि गाडी पुढं गेली. या भागात ही जुनी रीत आहे. गावाकडून आईनं, बहिणीनं गाडीत पिशवी ठेवायची, कंडक्टरनं स्टँडवर खांबाशी उतरवायची, ज्याची त्यानं येऊन न्यायची. मधल्या वेळात तिला कुणी शिवत नाही.

पण त्या दिवशी चाकांची बॅग घेतलेला एक गृहस्थ तिच्यापाशी थबकला. थैल्याचं तोंड विजेच्या वायरीनं बांधलेलं होतं. "वायर आहे!" एवढंच तो ओरडला आणि अख्खा स्टँड रिकामा झाला. म्हणजे रस्त्याच्या पलीकडे गेला हो, घरी कोण जातंय! तिथून सगळे मोबाइल वर धरून उभे. पळताना कुणाच्या चपला राहिल्या, एकीची टोपली लवंडली आणि टोमॅटो लोकांनी तुडवले. पण व्हिडिओ चुकला, असा कुणी दिसला नाही. एक जण तर पाठमोरा होऊन थैल्यासकट स्वतःचा फोटो काढत होता. मेल्याला मरणाची भीती होती, पण फोटोत यायची हौस त्याहून मोठी.

पोलिसांनी भोवती दोरी बांधली. बॉम्बशोधक पथक लांबून यायचं होतं. ऊन चढत चाललं. चहाच्या टपरीशी माझ्या शेजारी चाळिशीचा एक माणूस उभा होता. तो एकटाच मोबाइल न काढता थैल्याकडे बघत होता. चहा दिला तर त्यानं घेतला नाही. मग हळूच म्हणाला, "मावशी, तो थैला माहा हाय."

हा केशव, सेलूकडे मळा करणारा. अल्लीपूरची आई दरवर्षी घरच्या बियांची वांग्याची रोपं करते आणि ओल्या फडक्यात गुंडाळून गाडीनं पाठवते. तो सेलूहून इथं येऊन घेऊन जातो. यंदा होतं नव्हतं ते सगळं बी तिनं टाकलं होतं. ही रोपं गेली तर ते वाण गेलं. मळ्यात सऱ्या भिजवून तयार होत्या आणि रोपं डोळ्यांदेखत उन्हात होरपळत होती.

मी म्हटलं, मग सांगत का नाहीस? चल माझ्याबरोबर.

त्यानं मान हलवली. "तुमी जासान साताऱ्याले. मले अठीच राहाचं हाय. उद्या कुठं काही झालं तं पह्यले मलेच इचारतीन."

मला संताप आला. त्याचा आला, त्या गर्दीचा आला. तरातरा दोरीपाशी गेले आणि तिथल्या शिपायाला म्हटलं, अहो, भाजीची रोपं असतील त्यात, उघडून तरी बघा. त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्हाला कसं माहीत? तुमचा आहे का?" मागं पन्नास मोबाइल माझ्याकडे वळले. आणि माझी, साताऱ्यात भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या बाईची, जीभ टाळ्याला चिकटली. "नाही, आपलं वाटलं," म्हणून परत आले.

पथक आलं. लांबूनच थैल्यावर पाण्याचा जोरदार मारा केला. थैला फाटला, माती उडाली, हिरवा लगदा खांबाला जाऊन चिकटला. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघातिघांनी 'भारतमाता की जय'सुद्धा म्हटलं, वांग्याच्या रोपांवर विजय मिळवल्याबद्दल! झाडूवाल्यानं सगळं सुपात भरलं. केशवनं त्यातलं एखादं रोप तरी उचलायला जावं, तर तेवढंही त्याचं धाडस झालं नाही. मी त्याचा नंबर घेतला आणि तो रिकाम्या हातानं सेलूच्या गाडीत बसला.

मी पवनारला गेले. धामचं पाणी गढूळ होतं, आश्रमात शांत होतं, पण माझं कशात लक्ष लागेना. तासाभरात उठले.

घरी परतले तर व्हिडिओ माझ्याआधी पोहोचलेला. "वाचलात हो!" म्हणत शेजारणींनी मीठ-मोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली. थैल्यात काय होतं ते मी सांगायला लागले, तर कुणाला ऐकायचं नव्हतं. बॉम्बच बरा होता त्यांना.

न राहवून परवा केशवला फोन लावला. सऱ्यांत बाजारची रोपं लावली, म्हणाला. आईला काय सांगितलंस, विचारलं.

"सगळे रोपं लागले म्हनून सांगतलं. दिवाळीनंतर येते थे, पह्यलं भरीत खाले."

"मग तेव्हा रे?"



"घास तोंडात घेतल्याबरोबर समजन तिले, मावशी."