आबादादांनी न बोलावलेला मापारी

आबादादा गेल्याचा निरोप मला धसईच्या बाजारात कळला. असं ऐकलं की डोळ्यांत पाणी येतं म्हणतात. मला आधी धास्तीच वाटली. आता काही बरंवाईट झालं तर कुणाच्या दारात उभं राहायचं... पहिला विचार हाच, स्वतःपुरता. माझा हा मावसभाऊ जाऊन महिना होत आला, तरी ती धास्ती काही जात नाही.

खरं तर आधी मी त्यांनाच भ्यायचे. ठाण्याला सरकारी वकील असताना सोसायट्यांचे, पेढ्यांचे कितीतरी कारकून त्यांनी अफरातफरीच्या खटल्यांत आत घातले. घरी आले की आम्हा पोरींना विचारायचे, "गूळ कुणी खाल्ला?" आणि न खाल्लेली पोरसुद्धा रडायला लागायची. पुढे तब्येतीमुळे त्यांनी सरकारी काम सोडलं आणि मुरबाडला येऊन आरोपींची वकिली सुरू केली.

लढाईच्या दिवसांत आमचे हे मुरबाडच्या सरकारी भाताच्या कोठारावर कारकून होते. तपासणीत भात कमी भरलं आणि ह्यांच्यावर खटला झाला. तुरुंग डोळ्यांपुढे दिसायला लागला. मी आबादादांकडे धावले. त्यांनी ह्यांना ओटीवर बसवलं आणि मला आत बोलावलं.

"सुमे, घेतलंय का त्यानं?"

"नाही."

"ठाऊक आहे, की वाटतंय?"

मेलेच मी. घरात नवं लुगडं नाही की नवं भांडं नाही, पण ठाऊक कुठे होतं मला? ह्यांना जेवायला वाढताना रोज ओठांवर यायचं, विचारावं... आणि हे 'हो' म्हणाले तर? त्या भीतीने मी आमटी वाढून चुलीकडे वळायचे.

खटल्याच्या दिवशी आबादादांनी कोर्टात टोपलीभर भात आणि अधोलीचं माप आणवलं. कोठारावरच्या हिरू मापाऱ्याला पुढे बोलावलं. तो डोळखांबकडचा. "रोज मोजतोस तसं मोज रे," ते म्हणाले. हिरूने पहिलं माप ओतलं, "लाभ." आपल्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि पुढचं माप दोन. हिरूने दुसरं माप ओतलं आणि म्हणाला, "एक."

"लाभ धरत नाहीस?"

"लाभ देवाचा नाय का साहेब? तो कसा धरायचा?"

आत येणारं भात जुन्या मापाऱ्याने मोजलेलं, बाहेर जाणारं हिरूने. दर खेपेला एक अधोली जास्तीची जात होती आणि आमचे हे आत बसून, हाक ऐकतील तसं लिहून घेत होते. हे सुटले.

आबादादांचा चेहरा मात्र उतरला होता. बाहेर आल्यावर म्हणाले, "शहापूरच्या दत्तूचंही भातच कमी भरलं होतं. सोसायटीचा कारकून. मी त्याला शिक्षा देववली. मापाऱ्याला बोलवावं, हे मला सुचलंच नाही गं." शहापूरचा तो मापारी तर केव्हाच मरून गेला होता. दत्तूने खाल्लं होतं की नव्हतं, हे आता कोण सांगणार?

पुढच्या आठवड्यात ते दत्तूला भेटायला शहापूरला निघाले आणि मलाही सोबत घेतलं. एकट्याने जायची भीती वाटते, असं सरळ म्हणाले. माझ्या आबादादांना भीती! दत्तू शिक्षा भोगून येऊन बरीच वर्षं झाली होती. अंगणात दोर वळत बसला होता. आबादादांना ओळखलं तसा धडपडत उठला आणि त्याने हात जोडले.

"साहेब, आता काय केलं मी? मी घर सोडून कुठंच जात नाय."

आबादादा एक पाऊल पुढे झाले. दत्तू मागे सरकत सरकत भिंतीला टेकला. त्याच्या बायकोने पोरांना आत ओढलं आणि दाराला आतून कडी घातली. आबादादा उन्हात तसेच उभे राहिले. मला ते अजून त्याच अंगणात दिसतात.