गुलाबभाऊंच्या पिकअपचं तेल

ऑइलच्या दुकानात दोन गोष्टी चिकटतात. एक धूळ आणि दुसरे किस्से! धूळ रोज सकाळी फडक्यानं पुसता येते, किश्श्यांचं तसं नाही. पांढरकवड्यात हायवेला लागून माझं ऑइल आणि स्पेअर पार्टचं दुकान, शेजारी रहीमभाई मिस्त्रींचं गॅरेज आणि दोघांच्या मधोमध एक लाकडी बाकडं. त्या बाकड्यावर माणसं इतकी वर्षं इतकं बोललीत, की दुपारी दुकानात कोणी नसलं तरी मला एकटं वाटत नाही. हल्ली गिऱ्हाईक मोबाइलवर डबा मागवतं. डबा गुपचूप घरी येतो, गुपचूप इंजिनात जातो. काय मजा आहे त्यात?

बाकड्याचे कायमचे मानकरी दोन. एक मारोतराव, बाजूच्या गावचे कापूसवाले शेतकरी, त्यांचीही एक जुनी पिकअप होती. दुसरे तांड्यावरचे गुलाब राठोड. गुलाबभाऊंचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरले होते आणि गुलाबभाऊ पिकअपमध्ये कापूस, बकऱ्या, वऱ्हाडी, जे मिळेल ते लादून तालुकाभर फिरत. गाडी पांढरी होती, म्हणजे कागदोपत्री तरी!

त्या गाडीचं दुखणं असं, की इंजिनच्या रिंगा झिजल्या होत्या. रहीमभाईंनी एकदाच तपासून सांगून टाकलं होतं, "गुलाबभाऊ, इंजिन खोललं का खर्च गाडीच्या वर जाईन. नाही खोलाचं तं मंग तेलच इचं औषध. तेल बरोबर तं गाडी चालते, तेल चुकलं तं खेल खतम!"

तिकडे नागपूरला कंपनीत लागलेला गुलाबभाऊंचा मुलगा विजय दर फोनवर एकच म्हणायचा, "बाबा, गाडी विकून टाका." त्यामुळे आमच्याकडे तेलाचा डबा निवडणं म्हणजे साधी खरेदी नव्हती. गाडी राहणार की जाणार, हे त्या डब्यावर ठरायचं.

* * *

एकदा एका ऑइल कंपनीचा सेल्समन आला. गळ्यात टाय, तोही मे महिन्यात! त्यानं बाकड्यावरच्या गुलाबभाऊंना विचारलं, "काका, गाडीचं रनिंग किती झालं?"

आता गाडीचा मीटर कधीचाच बंद होता. गुलाबभाऊंनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

"असं पाहा साहेब, आमची मंडळी पहिल्या बाळंतपणाले माहेरी गेलती तवा मीटर चालू होता. दुसऱ्याच्या टायमाले अटकू अटकू चाले. तिसऱ्याच्या बारशाले गेलो तं काटा मेलेलाच होता."

"आणि तिसरा आता केवढा आहे?"

"त्याचंच लगन जमवून राह्यलो!"

सेल्समननं खाली मान घालून आपल्या टॅबवर 'हाय मायलेज' एवढंच टाइप केलं.

* * *

तेल खराब झालं का, हे पाहण्याची रहीमभाईंची एक खास पद्धत. डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल मापायची पट्टी, बाहेर काढायची. तेलाचा थेंब अंगठा आणि बोटात चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि मग आभाळाकडे बघत निकाल द्यायचा. आभाळाकडे का, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

हे बघून बघून मारोतरावांनाही आपण मिस्त्री झालो असं वाटायला लागलं. एके दिवशी त्यांनी स्वतःच पट्टी ओढली, थेंब चोळला, वास घेतला. चेहरा पडला.

"रहीमभाई, गेलं! तेलाचा वासच बदलून गेला. जळका वास येऊन राह्यला अन् ओव्यासारखाबी येते!"

रहीमभाई धावत आले. त्यांनी पट्टी हुंगली, मग मारोतरावांचा हात हुंगला. नंतर समोरच्या हॉटेलकडे पाहिलं. आभाळाकडे पाहायची गरजच पडली नाही.

"मारोतराव, इंजिन एकदम ठीक हाय. हे भज्याचं तेल हाय. पह्यले हात धुवा!"

* * *

पण मारोतराव ऐकणारे नव्हते. त्यांच्या जावयानं नवी कोरी कार घेतली. तिच्या सर्व्हिसिंगमधून उरलेलं तेल त्यांनी मोठ्या प्रेमानं घरी आणलं. झिरो-ट्वेंटी, पाण्यासारखं पातळ, डबा तर बघत राहावा असा. ते त्यांनी आपल्या जुन्या पिकअपमध्ये ओतलं. मला न विचारता! कमी पडलं ते त्याच जातीचं दुसऱ्या दुकानातून आणलं, तेही मला न विचारता!

दुसऱ्या दिवशी ते राजूरकडे निघाले. वाटेतल्या एका गावात गाडी शिरली आणि मागे निळ्या धुराचा लोट! लोकांनी पटापट दारं लावली, हॉटेलवाल्यानं जिलेबीवर पेपर टाकले, पोट्टे ओरडत गाडीमागे धावू लागले. मारोतराव घाबरून कोपऱ्यावर थांबले, तर गावातला एक माणूस हात जोडून जवळ आला.

"साहेब, डासाची फवारणी चालू हाय तं आमच्या गल्लीतूनबी एक चक्कर मारा नं!"

परत आल्यावर रहीमभाईंनी त्यांना बाकड्यावर बसवून समजावलं, "जुन्या इंजिनात फटी वाढलेल्या असते, मारोतराव. पातळ तेल त्याच्यातून वर चढते अन् जळते. नव्या गाडीले पातळ चालते, म्हातारीले जाडच पाह्यजे. ट्वेंटी-फिफ्टी टाका, गपगुमान चालन."

मारोतराव आता नाहीत. हिवाळ्यात रस्त्यावर कुठलीही गाडी धूर सोडत गेली, की मला त्यांची फार आठवण येते आणि हसूही येतं.

* * *

जाड तेल चांगलं, हे एकदा डोक्यात बसल्यावर गुलाबभाऊंनी त्याचं टोक गाठलं. जाड जर चांगलं, तर सगळ्यात जाड सगळ्यात चांगलं! डिसेंबरात त्यांनी इंजिनात चक्क गिअरबॉक्सचं तेल टाकलं. सकाळी तांड्यावर एवढी थंडी, की तेलाचा गूळ झाला. सेल्फ मारला तर गाडी नुसती हुंकार द्यायची. मग अख्खा तांडा ढकलायला लागला. तांड्याचे नायकसुद्धा उपरणं कमरेला बांधून आले.

गुलाबभाऊंची याडी, म्हणजे आई, उन्हात बसून हे सगळं बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"गुलाब्या, तुह्या खापरपणज्याजवळ शंभर बैलं होते म्हणते. एक बसला तं बाकीचे चालत राहे. तुहा एकच हाय, अन् तो बसला का सारा तांडा जुपा लागते!"

* * *

त्याच याडीच्या छातीत एकदा कळ आली. गुलाबभाऊंनी पिकअपमध्ये गादी टाकली, तिला निजवलं आणि यवतमाळचा रस्ता धरला. वाटेत जोडमोहा गावाजवळ डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला. थांबावं तर मागे आई, न थांबावं तर इंजिन जाम होणार. त्यांनी थांबून सोबतचा डबा ओतला, पुन्हा निघाले आणि कसेबसे दवाखान्यात पोचले. माणूस घामानं न्हालेला. डॉक्टरांनी विचारलं, "त्रास कधीपासून सुरू झाला?"

"जोडमोह्यापासून, साहेब! लाल दिवा लागला तवा मी लिटरभर टाकलं, मंग चालली बिचारी!"

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप आधी गुलाबभाऊंनाच लावला. याडी पुढे आठवड्याभरात बरी होऊन घरी आली, त्याच गाडीतून. त्या दिवसापासून गुलाबभाऊ गाडीच्या बॉनेटवर कोणाला चहाचा ग्लाससुद्धा ठेवू देत नसत.

* * *

शेवटी विजयनं हट्टच धरला. वडिलांचं वय झालं, पाठ दुखते, लांबच्या खेपा जमत नाहीत. पोराचं चूक नव्हतं, काळजीच होती ती. त्यानं नागपूरहून फोनवरच बाभुळगावचं एक गिऱ्हाईक पक्कं केलं आणि रविवारी दुपारी सौद्यासाठी दोघंही येणार असं ठरलं.

रविवारी सकाळी गुलाबभाऊ दुकानात आले. दाढी केलेली, अंगात लग्नातला सदरा. मला वाईट वाटलं. मी न विचारताच नेहमीचा ट्वेंटी-फिफ्टीचा डबा काउंटरवर ठेवला. म्हटलं, शेवटचं तेल आहे, गिऱ्हाइकासमोर गाडी तरी शांत चालेल.

"हे नोको, बंडूभाऊ."

"मग?"

"तो द्या. झिरो-ट्वेंटी."

"अहो, तुमच्या गाडीत? आजच्या दिवशी?"

"पोराचा शब्द हाय. गाडी दाखवतानी तेल भारीतलं पाह्यजे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

रहीमभाईंनी जुनं तेल काढलं, नवं भरलं. बाकीच्या वेळी शंभर सल्ले देणारा हा माणूस त्या दिवशी आभाळाकडे बघत बॉनेट लावून मोकळा झाला.

दुपारी विजय आला, गिऱ्हाईकही आलं. गाडीला हार घातलेला होता. गिऱ्हाइकानं चाकं पाहिली, ताडपत्री पाहिली, खूश झालं. मग चावी फिरवली आणि हायवेपर्यंत एक फेरी मारायला निघालं. ते परत येताना आधी धूर आला, मग गाडी आली! समोरच्या हॉटेलवाल्यानं भजी झाकली. गिऱ्हाईक खोकत खोकत उतरलं, विजयला बाजूला घेऊन दोन शब्द बोललं आणि पहिल्या एसटीनं बाभुळगावला निघून गेलं.

विजय बराच वेळ डोक्याला हात लावून बाकड्यावर बसला. गुलाबभाऊंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"जाऊ दे बेटा. आपल्या हातात काय हाय?"

विजयला नागपूरच्या गाडीत बसवून गुलाबभाऊ परत दुकानात आले. हार अजून बॉनेटवरच होता. तो त्यांनी सरळ केला, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि काउंटरवर हात ठेवून म्हणाले,

"बंडूभाऊ, आता आपलं नेहमीचं द्या."

मी डबा घेऊन बाहेर आलो, तर रहीमभाई पाना घेऊन आधीच गाडीखाली शिरले होते.