खंडेनवमीची सांडशी

आमच्या मालकाहिले सारं गाव बापूजी म्हनते. मुधोळच्या रस्त्याले चाळीस वर्सं सायकलीचं दुकान चालवलं. चाक असो का हँडल, एक डोळा मिटून पाहाचे अन् सरळ करून द्याचे. आता घरीच ओट्यावर बसून राह्यते, तंबाखू चोळत.

दोन हजार सोळाची गोष्ट. आदिलाबाद जिल्हा फोडून चार जिल्हे होनार होते, तेबी नेमके दसऱ्याले. आमची सून बयना तहसीलमदी कारकून. तिले हुकूम आला, दसऱ्याले सकाळी दहाले निर्मलले हाजिर व्हा, नाई तर नाव दूरच्या आसिफाबादच्या यादीत जाईन. लेकरू दीड वर्साचं, अजून अंगावर पेतं. माय तिकडं अन् लेकरू इकडं!

बस फाट्यावरून साडेसहाले. फाटा अकरा किलोमीटर. दसऱ्याले पूजा झाल्याबिगर आमच्या गावात कोनी आटो काढत नाई, का मोटारसायकलले किल्ली लावत नाई. राह्यली बयनाची गेरवाली सायकल. ते तिच्या भावानं देल्ली. सुनेच्या माहेरची वस्तू हे पूजेत ठेवतच नवते, तेवढं बरं झालं.

तर खंडेनवमीच्या दुपारी बकरीनं ते सायकल पाडली! मागच्या चाकापाशी गेर ज्या लोखंडी कानाले लटकते, तो कानच आत वाकला. पायडल मारलं का साखळी स्पोकात.

"आवो, पाना घ्या अन् सरळ करा," मी म्हनलं.

"आज खंडेनवमी हाये." पाने, पक्कड, हातोडी, सारं हळद-कुंकू लावून पाटावर मांडलं होतं. "उद्या सोनं वाटून आल्याबिगर हत्यार हलनार नाई."

"अन् बयना काय करन?"

"देव हाये पाहाले."

अय माय! माह्या डोस्क्यात तिडीकच गेली. मी पुरनाचं पातेलं उतरवून राह्यली होती, हातात लोहाराकडून करून घेतलेली हातभर सांडशी. तिच्याकडं पाह्यलं अन् मले उमजलं. आमची बायाची हत्यारं कधी पाटावर बसलीच नाई. बसली असती तर याहिले पुरनपोळी कोन देल्ली असती?

"बयना, सायकल धर."

सांडशीत तो कान पकडला. बयनानं दोऱ्याले सुपारी बांधून ओळंब्यावाणी मागून लटकवली. दोरा सरळ, गेर तिरपं. मी जरासं बाहेर ओढलं.

"झटका नको देऊ, मोडन!" ओट्यावरून आवाज आला. एक डोळा मिटलेलाच होता. "अजून सूतभर... बस. आता हात नको लावू."

हत्यार चालत नवतं, जीभ बरी चालत होती! बयनानं पायडल फिरवलं. साखळी गुमान चालली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटता ते गेली. दहा वाजून पाच मिनिटाले फोन आला, "आत्याबाई, निर्मलच्या यादीत नाव लागलं. संध्याकाळी घरी येतो." मी लेकराले उराशी धरून रडली.

हे ओट्यावरून उठले, चुलीपासली सांडशी उचलली, धुतली, हळद-कुंकू लावलं अन् साऱ्या पान्याहिच्या पुढं पाटावर ठेवली. लग्नाले एक्केचाळीस वर्सं झाली, माह्या हातची वस्तू पयल्यांदा पूजेले बसली. डोळे पुन्हा भरून आले.

तेवढ्यात चुलीवर वरन उतू चाललं.

"आवो, सांडशी द्या!"

"सोनं वाटून आल्याबिगर हत्यार हलनार नाई."

मी पदरानंच पातेलं उतरवलं. दोन बोटं पोळली.