रविवारी सुट्टी घेणारा चोर

माझा स्वभाव संशयी. दूधवाला कितीही ओळखीचा असो, मी पातेल्यात डोकावल्याशिवाय दूध घेत नाही. मी बिडकीनजवळच्या एका बियाण्याच्या गोदामात कॉम्प्युटर सांभाळायला जायचे, तेव्हा मालक माझ्याहून वरचढ निघाले.

हंगाम संपला होता, गोदाम बंद होतं, फक्त बाजूचं ऑफिस चालू होतं. अवेळी दार उघडलं तर गोदामाच्या कोपऱ्यातला लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटरचा डबा त्याची नोंद ठेवायचा आणि आठवड्याला मालकांच्या मोबाईलवर पाठवायचा. डब्याला मॉनिटरचा पडदा नव्हता. त्याची डिस्क नुकतीच बदलली होती आणि नंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं, पहाटे चारला दार उघडतंय.

रात्री तिथं वॉचमनमामा एकटेच असायचे. मालकांनी त्यांना सगळ्यांदेखत विचारलं.

"साहेब, पहाटं तिकडं कुत्रं फिरकत नाय. लेकरांची शपथ."

"शनिवारपर्यंत खरं सांगा, नाहीतर दुसरीकडं काम बघा."

मलाही मामांचे लाल डोळे खटकले. रात्रपाळीवाल्याचे डोळे दुसरे कसे असणार, हे तेव्हा सुचलं नाही. मात्र पोतं एकही कमी नव्हतं. शिवाय रविवारी दार उघडतच नव्हतं.

"रविवारी मामाची सुट्टी असते," मालक म्हणाले. "आता आणखी काय पुरावा पाहिजे?"

काहीही न नेणारा आणि रविवार पाळणारा चोर मला पटेना. मी डब्याला पडदा जोडला. बाहेर माणसं जेवणाचे डबे सोडत होती आणि पडद्यावर सकाळ होती. डिस्क बदलणाऱ्यानं जगाची प्रमाणवेळ तशीच ठेवली होती, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागची. घड्याळ बरोबर चालत होतं, फक्त आपण कुठल्या देशात आहोत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी यादीतून कोलकाता निवडलं.

मालक मागेच उभे होते. "गोदाम बिडकीनला. कोलकाता कशाला?"

"भारताची वेळ यादीत त्याच नावानं आहे."

त्यांना ते काही पटलं नाही. "बरं, मग ते पहाटेचे चार म्हणजे किती?"

"सकाळचे साडेनऊ. तेव्हा दार कोण उघडतं?"

उत्तर मला ठाऊक होतं, पण ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं. साडेनऊला मालक यायचे, चपला काढायचे, दार उघडून आतल्या लक्ष्मीच्या फोटोला उदबत्ती लावायचे. रविवार सोडून रोज.

"मी तर फक्त उदबत्ती लावतो," ते म्हणाले. उदबत्तीसाठी दार उघडणं ते दार उघडण्यात धरतच नव्हते. मला असा संताप आला की मी पडद्याची वायर उगाचच जोरात उपटली.

मामांची नोकरी राहिली. घड्याळाचा घोळ मी त्यांना सांगितला, मालक मात्र काही बोलले नाहीत. चूक झाली, एवढंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक चपला काढत होते. मामा दाराशी उभे होते, मी माझी पिशवी ठेवत होते. मालकांनी कडीला हात घातला तसे मामा अगदी अदबीनं म्हणाले, "साहेब, टाइम काय झाला?"

मालकांच्या मनगटावर घड्याळ होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं.